घरची दुरुस्ती : आधी वायरी बघा, मग थर्मोस्टॅट घ्या

नोव्हेंबर लागला की माझ्याकडे येणाऱ्या पत्रांचा विषय ठरलेला असतो. यंदाही निम्म्याहून जास्त पत्रं थर्मोस्टॅटची, म्हणजे घराचं तापमान राखणाऱ्या भिंतीवरच्या यंत्राची आहेत, म्हणून हा अंक त्यालाच देते. नवीन वाचकांसाठी सांगते : मी मूळची सांगलीची. मिशिगनमध्ये इमारतींच्या हीटिंग-कूलिंगच्या कंट्रोल्सचं काम करून आता निवृत्त झाले आहे. पत्रं थोडी आटोपशीर केली आहेत.

प्रश्न : ताई, न्यू जर्सीतल्या एडिसनला आम्ही सत्तरच्या दशकात बांधलेलं घर घेतलं आहे. तळघरात घर तापवणारा गॅसचा फर्नेस, बाहेर एसी. भिंतीवर सोनेरी रंगाचा गोल थर्मोस्टॅट आहे, तो हाताने फिरवावा लागतो. आम्ही दोघं सकाळी सातला बाहेर पडतो ते संध्याकाळी सहाला परततो. प्रोग्रॅम करता येणारा थर्मोस्टॅट मी स्वतः लावू शकेन का? बसवणाऱ्याने नुसत्या भेटीचे जे पैसे सांगितले ते ऐकून डोळे पांढरे झाले. नवरा म्हणतो, विजेचं काम आहे, हात लावू नकोस.

उत्तर : लावू शकाल. तुमच्या मिस्टरांची शंका मात्र झटकून टाकू नका, कारण उत्तर घराघराप्रमाणे बदलतं. दुकानात जाण्याआधी जुन्या थर्मोस्टॅटचं झाकण काढा. ते बहुधा नुसतं ओढलं की निघतं. आत बारीक, रंगीत, एकेरी तांब्याच्या वायरी छोट्या स्क्रूंखाली अडकवलेल्या दिसल्या आणि शेजारी आर, डब्ल्यू, वाय, जी अशी इंग्रजी अक्षरं असली, तर ते २४ व्होल्टचं काम आहे. फर्नेसमधला एक लहान ट्रान्सफॉर्मर घरातली वीज उतरवून तेवढीच वर पाठवतो. त्याऐवजी जाड काळ्या-लाल वायरी आणि त्यांच्या टोकांना पिळून बसवलेल्या प्लास्टिकच्या टोप्या दिसल्या, किंवा १२० वा २४० व्होल्ट असं छापलेलं आढळलं, तर झाकण परत लावा आणि तिथेच थांबा. ती थेट घरची वीज असते. तुमच्या वर्णनावरून तुमचं घर पहिल्या प्रकारातलं दिसतं.

त्या अक्षरांचा अर्थ कळला की भीती निम्मी होते. आर वायरीतून वीज येते. थर्मोस्टॅट फक्त एवढंच करतो : आर आणि डब्ल्यू जोडले की फर्नेस पेटतो, आर आणि वाय जोडले की बाहेरचा कॉम्प्रेसर चालू होतो, आर आणि जी जोडले की पंखा. बस. तुमच्या जुन्या गोल डब्यात हेच काम दोन धातूंची गुंडाळलेली पट्टी करते. खोली गार झाली की ती वळते, तिच्यावरची पाऱ्याची काचेची कुपी कलते आणि पारा घरंगळून दोन तारा जोडतो. हनीवेलचा हा गोल थर्मोस्टॅट १९५३ साली बाजारात आला. त्याचा आकार हेन्री ड्रायफस यांनी घडवला. इतकी वर्षं कुरकुर न करता चालणारं यंत्र मला तरी दुसरं चटकन आठवत नाही. काढताना मनातल्या मनात नमस्कार करायला हरकत नाही.

पण कचऱ्यात टाकू नका. त्या कुपीत काही ग्रॅम पारा असतो. कुपी वेगळी काढायच्या भानगडीत न पडता अख्खा थर्मोस्टॅट झिपच्या पिशवीत घालून सरळ ठेवा. हीटिंगचं सामान घाऊक विकणारी बरीच दुकानं परत घेतात, नाहीतर काउंटीच्या घातक कचऱ्याच्या केंद्रावर द्या.

आता प्रत्यक्ष काम. फर्नेसच्या अंगाला किंवा तळघराच्या जिन्याशी दिव्याच्या बटणासारखं एक बटण असतं, ते बंद करा. ब्रेकरही पाडा. एसीचा ब्रेकर वेगळा असेल, तर तोही. २४ व्होल्टने तुम्हाला काही होणार नाही, पण आरची उघडी वायर भलत्या वायरीला टेकली की फर्नेसच्या बोर्डावरचा फ्यूज उडतो, आणि जुन्या फर्नेसमध्ये फ्यूज नसला तर ट्रान्सफॉर्मरच जळतो. मग मोबाईलवर वायरींचा फोटो काढा, जवळून आणि नीट उजेडात. नव्या थर्मोस्टॅटसोबत अक्षरांच्या चिकटपट्ट्या येतात, त्या एकेका वायरीला लावा. रंगावर विसंबू नका. लाल म्हणजे आर, पांढरी म्हणजे डब्ल्यू हा रिवाज आहे, पण मागच्या मालकाच्या मेव्हण्याने हाताला येईल ती वायर जोडलेली असू शकते. जुन्या डब्यावर वायर ज्या अक्षराखाली होती, नव्यावर त्याच अक्षराखाली जाईल.

आर दोन असू शकतात, एक हीटिंगचा आणि एक कूलिंगचा. आरची एकच वायर भिंतीतून येत असेल, तर नव्या थर्मोस्टॅटवरच्या दोन आर जोडणारी छोटी पट्टी तशीच राहू द्या. दोन वेगळ्या वायरी येत असतील, तर ती पट्टी काढायची, कारण मागे दोन वेगळे ट्रान्सफॉर्मर असू शकतात आणि ते एकमेकांत मिसळायचे नसतात. इथे माणसं सगळ्यांत जास्त अडखळतात, म्हणून सोबतचं पत्रक या ठिकाणी तरी वाचाच.

वायरी मोकळ्या केल्यावर त्या पेन्सिलीला गुंडाळून ठेवा. एकदा भिंतीत घसरल्या की शनिवार गेला म्हणून समजा. वायरी ज्या भोकातून येतात ते थोड्या पुट्टीने बुजवा. भिंतीच्या पोकळीतली गार हवा त्या भोकातून थेट थर्मोस्टॅटच्या पाठीवर येते आणि खोली गार नसताना फर्नेस पेटत राहतो. दहा मिनिटांचं काम, पण बसवायला आलेले लोकही ते टाळतात. गोल डब्याखालचा रंग वेगळा निघणार, तेव्हा पाठीमागे लावायची मोठी पट्टी सोबत आली असेल तर फेकू नका. जुना थर्मोस्टॅट पाऱ्यामुळे अगदी पातळीतच लागायचा. नवा तिरका लागला तरी चालतो, फक्त दिसतो वाईट.

लावून झाल्यावर आतल्या मेनूत हीटिंगचा प्रकार विचारतात. त्यातच कुठेतरी तासाला किती वेळा पेटायचं याचा आकडा असतो. बऱ्याच मॉडेलांत साध्या गॅस फर्नेसला ५, नव्वद टक्क्यांहून जास्त कार्यक्षमतेच्या फर्नेसला किंवा गरम पाण्याच्या बॉयलरला ३, वाफेच्या बॉयलरला १ ठेवतात. चुकीचा राहिला तर घर कधी तापतं, कधी निवतं, आणि लोक थर्मोस्टॅटला नावं ठेवतात. मग वीज चालू करा, खोलीच्या तापमानापेक्षा चार-पाच अंश (इथे सगळीकडे अंश म्हणजे फॅरनहाइट) जास्त लावा आणि थांबा. बर्नर आधी पेटेल, पंखा थोड्या वेळाने येईल. एसी आत्ता तपासू नका. बाहेर ५० अंशांच्या खाली असताना कॉम्प्रेसर चालवणं त्याला मानवत नाही.

राहिला प्रोग्रॅम. अमेरिकेच्या ऊर्जा विभागाचं म्हणणं असं, की दिवसाचे ८ तास ७ ते १० अंश कमी ठेवलं, तर वर्षाला हीटिंग-कूलिंगच्या खर्चात १० टक्क्यांपर्यंत बचत होते. तुम्ही अकरा तास बाहेर असता, म्हणजे ही सोय तुमच्यासाठीच. सकाळी सहा ते सात ६८, मग ६०, संध्याकाळी साडेपाचपासून पुन्हा ६८, रात्री दहानंतर ६२ अशी सुरुवात करून बघा. "थंड झालेलं घर पुन्हा तापवायला तेवढाच गॅस जातो" असं तुमच्या ओळखीत कोणीतरी सांगेलच. तसं नाही. घरातली उष्णता बाहेर किती पळते ते आतल्या-बाहेरच्या तापमानातल्या फरकावर ठरतं. घर ६० वर असताना ती कमी पळते, आणि जी पळालीच नाही ती परत भरावी लागत नाही.

एक गोष्ट मात्र डब्यावर छापलेली नसते. प्रोग्रॅमेबल थर्मोस्टॅटना मिळणारं एनर्जी स्टारचं, म्हणजे ऊर्जा वाचवणाऱ्या उपकरणांचं चिन्ह २००९ च्या अखेरीस बंद झालं. यंत्र वाईट होतं म्हणून नव्हे. लोक ते विकत आणत, भिंतीवर लावत आणि 'होल्ड'चं बटण दाबून एकाच आकड्यावर ठेवत, त्यामुळे कागदावरची बचत घरात दिसत नव्हती. तेव्हा पहिल्याच रात्री प्रोग्रॅम करा. आणि मिस्टरांना बॅटरी धरायला लावा.

प्रश्न : शिकागोजवळच्या नेपरविलहून लिहितो आहे. सेलमध्ये वायफायचा थर्मोस्टॅट घेतला. भिंतीत चारच वायरी जोडलेल्या होत्या : आर, डब्ल्यू, वाय, जी. त्याला 'सी' लागते म्हणे, ती नाही. तशीच जोडणी केली. दोन दिवस चालला, मग रात्री पडदा काळा. मागे एक निळी वायर गुंडाळलेली दिसली म्हणून ती सी म्हणून जोडली, तर आता पडदा उजळतच नाही. बाहेर बर्फ आहे!

उत्तर : आधी घर गरम करू. जुना थर्मोस्टॅट टाकला नसेल अशी आशा आहे. वीज बंद करून तो पूर्वीसारखा जोडा. जुना लावूनही फर्नेस पेटला नाही, तर दोन जागा बघा. एक, फर्नेसचं खालचं दार. ते नीट बसलं नाही तर आतलं सुरक्षेचं बटण दाबलं जात नाही आणि सगळं मुकं राहतं. "जळला, जळला" म्हणून येणारे कितीतरी फोन या दाराचेच असतात. दोन, बोर्डावरचा फ्यूज. मोटारीत असतो तसाच चपटा, बहुधा ३ किंवा ५ ॲम्पियरचा. मधली तार तुटलेली दिसली तर तेवढ्याच ॲम्पियरचा नवा घाला. मोटारीच्या सुट्या भागांच्या दुकानात मिळतो. जास्त ॲम्पियरचा घालायचा मोह टाळा, नाहीतर पुढच्या वेळी ट्रान्सफॉर्मर जाईल.

आता सी. आर ही वीज येण्याची वाट, सी ही परत जाण्याची. जुन्या थर्मोस्टॅटला स्वतःसाठी वीज लागतच नव्हती, म्हणून कोणी सी जोडली नाही. वायफायवाल्याला चोवीस तास लागते. सी नसेल तर तो इतर वायरींतून थोडी थोडी चोरतो, आणि थंडीत ते पुरत नाही. तुमची निळी वायर भिंतीत गुंडाळलेली होती, म्हणजे बहुधा तिचं दुसरं टोकही फर्नेसपाशी तसंच मोकळं लोंबतं आहे. फक्त वरचं टोक जोडून काही होत नाही. खालचं टोक फर्नेसच्या बोर्डावर सी लिहिलेल्या स्क्रूला जोडा, अर्थात वीज बंद करूनच. बसमेंटमधून येणारी केबल मधे कुठे जोडली असेल तर तिथेही निळीला निळी लागली आहे ना, ते बघा.

सुटी वायर नसती, तर भिंतीतल्या प्लगमध्ये लावायचा २४ व्होल्टचा छोटा ट्रान्सफॉर्मर मिळतो. पंख्याची जी वायर सी म्हणून वापरायचीही एक युक्ती आहे, पण मग फर्नेसपाशी जी आणि वाय यांना जोडणारा तुकडा टाकावा लागतो आणि नुसता पंखा चालवता येत नाही. मला ती फारशी आवडत नाही.

खरं विचाराल तर तुमचं घरी येण्या-जाण्याचं वेळापत्रक ठरलेलं असेल, तर दोन बॅटरीवर चालणारा साधा प्रोग्रॅमेबल पुरे होता. शिकागो भागात ३० जानेवारी २०१९ ला पारा उणे २३ फॅरनहाइटवर गेला होता. तसल्या रात्री मला फोनवरून आकडे बदलणारं यंत्र नको असतं, पेटणारा फर्नेस हवा असतो. बॅटऱ्या दर हिवाळ्याआधी बदला, आणि गावाला जाताना ५५ च्या खाली उतरू नका. भिंतीतले पाण्याचे पाइप गोठले की थर्मोस्टॅटची बचत शंभर पटीने वसूल होते.

प्रश्न : कॅरी, नॉर्थ कॅरोलायना. नवा थर्मोस्टॅट मीच लावला. हीटवर ठेवलं की गार हवा येते, कूलवर ठेवलं की गरम. वायरी सगळ्या अक्षरांप्रमाणेच लावल्या आहेत.

उत्तर : तुमच्याकडे हीट पंप आहे, म्हणजे घर गार आणि गरम करणारं एकच यंत्र, आणि वायरी बरोबर असतील. हीट पंपात एक झडप उलट-सुलट फिरून उष्णता आत आणायची की बाहेर टाकायची ते ठरवते. तिची वायर ओ किंवा बी या अक्षराखाली लागते. बहुतेक कंपन्यांत एसी चालू असताना त्या झडपेला वीज मिळते, तो ओ. रीम आणि रूड यांच्या पंपांत उलट : हीटिंगच्या वेळी वीज मिळते, तो बी. मेनूत जाऊन ओ-बीची निवड बदला, वायर हलवू नका. आणि एक धोका : काही कंपन्यांच्या जुन्या जोडणीत बी या अक्षराखाली चक्क सी वायर असते. तिथे ओ आणि बी दोन्हींवर वायरी दिसल्या, तर बाहेरच्या युनिटवरचा नकाशा बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका.

वर एडिसनच्या बाईंना मी दिवसा आठ अंश उतरायला सांगितलं, ते तुम्ही करू नका. हीट पंप हळूहळू तापवतो. संध्याकाळी एकदम आठ अंश वर मागितलं की थर्मोस्टॅट मदतीला विजेच्या शेगड्या पेटवतो, आणि त्या पंपापेक्षा कितीतरी जास्त वीज खातात. दिवसभराची बचत तासाभरात जाते. दोन-तीन अंशच उतरा, आणि हीट पंपासाठी बनवलेला, आधीपासून हळूहळू चढत जाणारा थर्मोस्टॅट असेल तर ती सोय चालू ठेवा. 'इमर्जन्सी हीट' लिहिलेल्या बटणाला उगाच हात लावू नका. त्याने पंप बंद होतो आणि फक्त शेगड्या चालतात.

प्रश्न : लावाल, क्युबेक. आमच्याकडे प्रत्येक खोलीत भिंतीच्या तळाशी विजेचे हीटर आणि प्रत्येक खोलीला वेगळा थर्मोस्टॅट. सेलमधला स्वस्त प्रोग्रॅमेबल चालेल?

उत्तर : नाही. तो २४ व्होल्टचा असणार, तुमच्या भिंतीत २४० आहेत. तुम्हाला त्या व्होल्टेजचाच प्रोग्रॅमेबल घ्यावा लागेल. तो हीटरचे एकूण वॅट झेपतील एवढा हवा, आणि इलेक्ट्रिशियनकडूनच लावून घ्या. निजायची खोली आणि बैठकीची खोली या दोनच बदलल्या तरी फरक कळतो.

प्रश्न : क्वीन्समधल्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहतो. रेडिएटर इतका तापतो की जानेवारीत खिडकी उघडावी लागते. प्रोग्रॅमेबल थर्मोस्टॅट लावला तर?

उत्तर : लावणार कशाला? तुमच्या भिंतीवर वायरच नाही. वाफेचा बॉयलर अख्ख्या इमारतीचा असतो. न्यूयॉर्क शहरात १ ऑक्टोबर ते ३१ मे या काळात घरमालकाने दिवसा बाहेर ५५ च्या खाली गेलं की घरात किमान ६८, आणि रात्री दहा ते सकाळी सहा किमान ६२ ठेवायचं असा नियम आहे. जास्तीवर बंधन नाही. रेडिएटरवर बसणारी, तापमान बघून बंद होणारी झडप मालकाकडे मागा. स्वतः पाना घेऊन बसू नका, वाफेने भाजतं.

प्रश्न : सहा महिन्यांसाठी सासू-सासरे साताऱ्याहून आले आहेत. प्रोग्रॅम केलेला थर्मोस्टॅट आहे, पण मी ऑफिसमधून येते तेव्हा घरात ७८ असतं आणि 'होल्ड' लागलेला असतो. सासरे म्हणतात, जास्त ठेवलं की लवकर गरम होतं. त्यांना बोलायचं कसं? (फ्रीमाँट, कॅलिफोर्निया)

उत्तर : बोलायचं नंतर, आधी प्रोग्रॅम बदला. तो तुम्ही दोघं ऑफिसला जात होतात तेव्हाचा आहे. आता दिवसभर घरात माणसं आहेत, तीही वयाने मोठी, आणि वयाबरोबर थंडी जास्त लागते. तुम्ही दुपारी ६० ठेवलं असेल तर बटण दाबण्यात त्यांचं काही चुकलं नाही. ते आहेत तोवर दिवसा ७० ठेवा आणि रात्री थोडंसंच उतरा. बचत पुढच्या वर्षी करा.

जास्त आकड्याने लवकर तापतं, हा समज मात्र काढावा लागेल. बादली भरायला नळ जास्त सोडला तर ती लवकर भरते, पण साध्या फर्नेसचा नळ एकाच जोराने वाहतो. ७८ लावलं काय आणि ७० लावलं काय, ७० ला पोचायला तेवढाच वेळ लागतो. फरक एवढाच की ७८ ला तो तिथे थांबत नाही. हे सासऱ्यांना सुनेने सांगण्यापेक्षा मुलाने सांगितलं तर बरं, एवढं मी अनुभवाने सांगते.

'होल्ड'ही दोन तऱ्हेचे असतात. नुसता आकडा वर-खाली केला तर बहुतेक मॉडेल पुढच्या ठरलेल्या वेळेपर्यंतच तो पाळतात आणि मग प्रोग्रॅमवर परततात. 'होल्ड' दाबलं की मुक्काम कायमचा. त्यांना बाण वापरायला दाखवा, 'होल्ड' नको म्हणा. कुलूप लावायची सोयही असते, पण घरातल्या वडीलधाऱ्यांवर ती वापरू नका. त्यांच्या खोलीतली हवा येण्याची जाळी पलंगाने किंवा बॅगांनी झाकली गेली नाही ना, तेही बघा. साताऱ्याहून आलेल्या बॅगा नेमक्या तिथेच ठेवलेल्या असतात.

आणि सेटिंगमध्ये जाऊन पडदा फॅरनहाइटवरून सेल्सिअसवर आणा. ७० म्हणजे किती हे त्यांना कळायचं काही कारण नाही. तिथे २१ दिसलं की ते स्वतःच ठरवतील, स्वेटर घालायचा की बाण दाबायचा.